गळाचा दोर, डेनिअरच्या काट्यावर

भिवंडीत सूत घ्यायला आलेला माणूस नुसतं ‘मजबूत आहे ना?’ असं विचारून थांबत नाही. डेनिअर किती, फिलामेंट किती, पीळ किती, रोटो की साधं, एवढं कळल्याशिवाय तो पेटीला हात लावत नाही. पेटीवर ८०/७२ दिसलं की त्याच्या डोक्यात हिशेब सुरू होतो : ऐंशी डेनिअरचा धागा, त्यात बहात्तर तंतू, म्हणजे एकेक तंतू एका डेनिअरहून किंचित जाड. हाच माणूस सुट्टीच्या दिवशी काल्हेर-कशेळीच्या खाडीवर गळ टाकायला निघतो, रिळावर भरायला दोर घेतो, आणि तिथे मात्र त्याचा एकच प्रश्न असतो : ‘किती पौंडाचा?’

दुकानदारही खूश होतो, कारण डब्यावर पौंड मोठ्या अक्षरांत छापलेले असतात. खरं तर डब्यावरच्या सगळ्या आकड्यांत हा सर्वात कमी उपयोगाचा. तंगूस घ्यावा की ब्रेडेड, याचं उत्तर पौंडांत सापडत नाही. धागा कशाचा, किती जाड, ताणल्यावर किती लांबतो आणि कशावर घासला जाणार, या प्रश्नांत ते सापडतं. आणि हे प्रश्न विचारण्याची सवय यंत्रमागाच्या गावाला बाहेरून शिकायची गरज नाही.

आधी तंगूस. कोकण किनाऱ्यावर आणि खाडीकाठी नायलॉनच्या एकेरी, पारदर्शक दोराला हेच नाव आहे. रीळवाले त्याला ‘मोनो’ म्हणतात. अमेरिकेतल्या ड्यूपाँ कंपनीत वॉलेस कॅरॉदर्स यांच्या चमूने फेब्रुवारी १९३५मध्ये नायलॉन बनवलं. नायलॉन म्हटलं की लोकांना बायकांचे मोजे आठवतात, पण बाजारात ते पहिल्यांदा आलं दात घासायच्या ब्रशच्या केसांच्या रूपात, १९३८ साली. तो केस म्हणजे एकेरी, जाड, भरीव तंतू, म्हणजे तंगूसच. वितळवलेलं नायलॉन बारीक भोकातून दाबून बाहेर काढायचं, पाण्यात थंड करायचं आणि मग मूळ लांबीच्या काही पट ताणायचं. ताणल्यामुळे आतल्या रेणूंच्या साखळ्या एका दिशेला लागतात आणि धाग्याला बळ येतं. त्याआधीचे दोर सुताचे, तागाचे, जवसाच्या तंतूंचे किंवा रेशमाचे असत. खाऱ्या पाण्यातून आल्यावर ते रोज वाळवावे लागत. कोळी लोक जाळी कुजू नयेत म्हणून झाडांच्या सालींच्या काढ्यात बुडवत. नायलॉन कुजत नाही, या एका गुणावर त्याने जगभरच्या मासेमारीचा कायापालट केला.

पण नायलॉनचे दोन स्वभाव गळवाल्याला माहीत हवेत. एक, ते पाणी पितं. पूर्ण भिजलेलं नायलॉन आपल्या वजनाच्या आठ-दहा टक्क्यांपर्यंत पाणी धरून ठेवतं, त्यामुळे ते मऊ पडतं आणि ताकद दहा-पंधरा टक्क्यांनी उतरते. डब्यावरचा आकडा कोरड्या दोराचा असेल, तर खाडीत तो खरा राहत नाही. म्हणूनच १९३९ साली स्थापन झालेली आंतरराष्ट्रीय गेम फिश असोसिएशन, म्हणजे आयजीएफए, विक्रमाच्या माशासोबत आलेला दोर भिजवून तपासते. दुसरं, नायलॉन उन्हाने खंगतं. मार्च-एप्रिलच्या उन्हात खिडकीत ठेवलेलं रीळ पुढच्या हंगामात दोर ठिसूळ करून देतं. वरून काहीच दिसत नाही, हात लावला की जरा खरखरीत लागतो, एवढंच.

तिसरा गुण मात्र असा आहे, की त्याला काही जण दोष समजतात आणि काही जण वरदान. तंगूस ताणला जातो. तुटायच्या बेताला आला की तो वीस-पंचवीस टक्के लांबलेला असतो. साठ मीटर दोर पाण्यात असेल, तर बारा ते पंधरा मीटरची वाढ. मासा डोकं झटकतो, उडी मारतो, अचानक होडीखाली शिरतो, तेव्हा हा ताण धक्का गिळून टाकतो. दुसऱ्या बाजूला, शिंगाळ्याने आमिषाला नाक लावलं तर त्याची खबर त्या लवचीक दोरातच विरून जाते आणि आपण घामाघूम होऊन काठीच्या टोकाकडे बघत बसतो.

आता ब्रेडेड. इथे कच्चा माल ऐकून पुष्कळांना आश्चर्य वाटतं, कारण तो आहे पॉलिथीन. दुधाची पिशवी, पाण्याचा पिंप, ट्रॉलरची निळी-हिरवी जाळी, सगळं याच कुळातलं. वाईत आणि पुण्यात गरवारेंच्या कारखान्यांत मासेमारीची जाळी आणि दोरखंड बनतात, त्यांतही पॉलिथीनचा मोठा वाटा आहे. फरक आहे रेणूच्या लांबीचा. ब्रेडेड दोराच्या पॉलिथीनचा रेणुभार तीस लाखांच्या पुढे असतो. साध्या पॉलिथीनच्या तुलनेत ही साखळी कित्येक पटींनी लांब. एवढी लांब साखळी वितळवून भोकातून काढता येत नाही, कारण ती वितळली तरी वाहत नाही, नुसती चिकट होऊन बसते. आणि साखळ्यांचा आपसांत इतका गुंता असतो, की ओढून त्या सरळ होत नाहीत.

नेदरलँड्समधल्या डीएसएम कंपनीत पॉल स्मिथ आणि पीट लेमस्ट्रा या दोघांनी १९७९च्या सुमारास यावर तोड काढली. त्यांनी पॉलिथीन एका द्रावकात विरघळवलं, तेही अगदी पातळ, शंभरात काही भाग एवढंच. पातळ द्रावणात साखळ्या एकमेकींपासून मोकळ्या होतात. ते द्रावण भोकातून काढून थंड केलं की जेलीसारखा लिबलिबीत तंतू मिळतो, आणि तो मग तीस पट, पन्नास पट, कधी त्याहूनही अधिक ताणता येतो. नायलॉन काही पटच ताणलं जातं. इथे साखळी जवळजवळ पूर्ण सरळ होते. डायनिमा या नावाने हा तंतू १९९०पासून नेदरलँड्समध्ये व्यापारी प्रमाणावर निघू लागला. अमेरिकेत अलाइड कंपनीने परवाना घेऊन स्पेक्ट्रा आणला. गोळी अडवणारी जाकिटं, जहाजांचे दोरखंड आणि आपल्या रिळावरचा दोर, तिन्ही या एकाच शोधाची लेकरं आहेत.

इथे सूतवाल्याला एक शंका यायला हवी. एवढा जोरदार तंतू आहे, तर त्याचाही एकेरी जाड दोर का करत नाहीत? कारण ही ताकद बारीकपणातूनच येते. जेली तंतू बारीक असला तरच द्रावक नीट निघून जातो आणि तो एकसारखा ताणला जातो. जाड केला की आतला गाभा कच्चा राहतो. त्यामुळे शेकडो बारीक तंतू एकत्र बांधण्याला पर्याय नाही. बांधायचे दोन मार्ग : पीळ द्यायचा किंवा वेणी घालायची. पिळाचा दोर रिळावर उलगडताना फिरतो, वळसे घेतो, गाठी पाडतो. म्हणून वेणी.

वेणी घालणारं यंत्र ज्यांनी नाड्यांच्या किंवा बुटांच्या लेसच्या कारखान्यात पाहिलं असेल, त्यांना ते लगेच कळेल. ज्यांनी पाहिलं नसेल त्यांनी शिमग्यात गोव्या-कोकणाकडे खेळतात तो गोफ आठवावा. वरून सोडलेल्या रंगीत पट्ट्यांची टोकं धरून नाचणारे एकमेकांच्या आतून-बाहेरून जातात आणि वर वेणी होत जाते. यंत्रात नाचणाऱ्यांच्या जागी बॉबिनी असतात, अर्ध्या घड्याळाच्या दिशेने, अर्ध्या उलट. चार बॉबिनी असतील तर दोर चार पदरी, आठ असतील तर आठ पदरी. दोन्ही दिशांचा पीळ एकमेकांना खोडून काढतो, म्हणून दोर फिरत नाही.

आणि आता भिवंडीला आपलासा वाटावा असा भाग. जपानी पद्धतीच्या डब्यांवर ‘पीई १’, ‘पीई २’ असे आकडे असतात. पीई म्हणजे पॉलिथीन, हे कळलं. पण पुढचा आकडा? पुष्कळ जण त्याला जाडीचा काहीतरी नंबर समजतात. जपानी दोर-उत्पादकांच्या मानकात पीई १ म्हणजे २०० डेनिअर. पीई २ म्हणजे ४००, पीई ३ म्हणजे ६००. एवढी साधी गोष्ट. नऊ हजार मीटर दोर घेतला तर त्याचं वजन किती ग्रॅम, हाच डेनिअरचा हिशेब. सुताचा जो, तोच गळाचा. आठ पदरी पीई २ असेल तर प्रत्येक पदर पन्नास डेनिअरचा.

एकदा डेनिअर हातात आला की डब्यावरच्या पौंडांचा खरेखोटेपणा घरच्या घरी तपासता येतो. सोनाराकडे असतो तसा ग्रॅमचे दशांश-शतांश दाखवणारा छोटा काटा घ्यावा. शंभर मीटर दोर मोजून तोलावा आणि ग्रॅमांना नव्वदने गुणावं, आला डेनिअर. पीई २चा शंभर मीटर दोर सुमारे ४.४ ग्रॅम भरतो, वर लेप असेल तर थोडा जास्त. या जातीचा उत्तम तंतू एका डेनिअरला साधारण पस्तीस ते चाळीस ग्रॅम ओढ सोसतो. म्हणजे ४०० डेनिअरला चौदा ते सोळा किलो, पौंडांत तीस ते पस्तीस. वेणीत थोडं बळ जातं, गाठीत आणखी जातं. आता अशाच ४.४ ग्रॅमच्या दोराच्या डब्यावर कोणी ८० पौंड छापले असतील, तर तो दर डेनिअरला नव्वद ग्रॅमचा दावा करतो आहे. तसा तंतू डायनिमावाल्यांनाही जमलेला नाही. दुकानदाराशी वाद घालायची गरज नाही. दोर परत ठेवावा.

हाच काटा तंगुसाला लावू. ०.४० मिलिमीटर जाडीचा शंभर मीटर तंगूस सव्वाचौदा ग्रॅमच्या आसपास भरतो, म्हणजे जवळजवळ १,३०० डेनिअर. त्याची ताकद दहा-अकरा किलो. दर डेनिअरला आठ ग्रॅम. तेवढ्याच ताकदीला पॉलिथीनचे ३०० डेनिअर पुरतात, म्हणजे पीई १.५, जाडी ०.२० मिलिमीटरच्या आसपास. एकाच बळाला एक दोर चौपट वजनाचा, दुप्पट जाडीचा. ब्रेडेडची जी स्तुती होते, तिचं सगळं मूळ या दोन ओळींत आहे. लांब फेक, रिळावर जास्त दोर, प्रवाहाला कमी अडथळा, सगळं इथूनच निघतं.

भिवंडीत सूत ओळखण्याच्या आणखी दोन जुन्या युक्त्या इथेही चालतात. स्वस्तातला ‘ब्रेडेड’ पुष्कळदा साध्या पॉलिएस्टरचा असतो. वीतभर तुकडा साबणाच्या पाण्यात नीट चुरून भिजवावा, म्हणजे हवेचे बुडबुडे निघून जातात, आणि सोडावा. पॉलिथीनची घनता ०.९७, ते तरंगतं, पॉलिएस्टरची १.३८, ते सरळ तळ गाठतं. नायलॉनही बुडतं, पण सावकाश. दुसरी युक्ती काडेपेटीची. पॉलिथीन ज्योतीपासून मागे सरकत वितळतं आणि विझवलेल्या मेणबत्तीसारखा वास येतो. पॉलिएस्टर काळा धूर सोडून कडक मणी बनवतं. रंग उडणं मात्र बनावटीची खूण नव्हे. पॉलिथीन रंग पीत नाही, रंग वरवरच बसवलेला असतो, आणि चांगल्यातला चांगला दोरही काही फेऱ्यांत फिका पडतो.

इतकं कळल्यावर ब्रेडेडच घ्यावा, असं वाटणं साहजिक आहे. आपली खाडी या उत्साहाला वेसण घालते.

उल्हास नदी कल्याणच्या दुर्गाडीजवळ खाडीचं रूप घेते. पलीकडच्या काठावरचं कोन भिवंडी तालुक्यातलं. तिथून खाली अलिमघर, अंजूर, काल्हेर, कशेळी अशी गावं काठाला लागतात आणि पाणी घोडबंदरच्या वळणाने वसईकडे जातं. भिवंडी शहरातून येणारी कामवारीही याच खाडीला मिळते. काठाला तिवरांचं रान आहे, तळ चिखलाचा, पुलांचे खांब आणि जुने धक्के कालवांनी मढलेले. पाणी बारमाही गढूळ. मुंबई बंदरात मोठ्या उधाणाला पाणी साडेचार-पाच मीटरपर्यंत चढतं. त्याचा जोर इथवर पोचतो आणि ओहोटीला खाडी चांगली ओढ घेते. मासे : शिंगाळा, बोय, वाम, आणि नशीब असेल तर जिताडा; चिंबोरीचा त्रास ठरलेला. (वालधुनीचं आणि कारखान्यांचं पाणी वरच्या अंगाला या खाडीत काय काय घेऊन येतं, हे ज्याला ठाऊक आहे त्याने मासा घरी न्यायचा की सोडून द्यायचा हे स्वतः ठरवावं. मी सोडण्याच्या बाजूचा आहे.)

या खाडीत ओढीचा प्रश्न पहिला. पाण्यात आडव्या धरलेल्या दोरावर प्रवाहाचा जोर त्याच्या जाडीच्या प्रमाणात पडतो, आणि प्रवाहाचा वेग दुप्पट झाला तर तो जोर चौपट होतो. उधाणाच्या ओहोटीत ०.४० चा तंगूस मोठी कमान घेतो, शिसं तळावरून सरकतं, आमिष खांबात जाऊन अडकतं. ०.२० चा ब्रेडेड निम्म्याच जोराला तोंड देतो, म्हणून शिसं बरंच कमी लागतं आणि दोर सरळ राहतो. भांगाच्या दिवसांत, पाणी मंद असताना, हा फायदा जवळपास संपतो. तेव्हा तंगूसवाला आणि ब्रेडेडवाला एकाच पायरीवर बसलेले असतात.

दुसरा प्रश्न कालवांचा, आणि इथे ब्रेडेडचं पितळ उघडं पडतं. ताणलेला ब्रेडेड कालवाच्या धारेला लागला की एकेक बारीक तंतू सुरीखाली जातो. तंतू जितके बारीक, तितका हा कत्तलखाना झटपट. तंगूस जाड आणि भरीव असल्यामुळे त्याची साल खरवडली जाते, गाभा शिल्लक राहतो. हातावर ओढून न तुटणारा तीस पौंडी ब्रेडेड खांबाला नुसता घासून क्षणात सुटतो, हे एकदा पाहिलं की डब्यावरचे पौंड कशाचे, हा प्रश्न आपसूक पडतो. ते सरळ ओढीचे असतात. घासण्याचे पौंड कोणी छापत नाही.

म्हणून खाडीत नुसता ब्रेडेड कधीच नसावा. त्याच्या टोकाला दीड-दोन हात लांबीचा जाड तंगूस जोडायचा, ज्याला लीडर म्हणतात. जिताड्यासाठी तो ०.६०-०.७० मिलिमीटरचा घ्यावा, कारण जिताडा खांबाच्या किंवा तिवराच्या मुळांच्या आडोशाला दबा धरून बसतो आणि गळ लागला की तिकडेच पळतो. शिवाय त्याच्या कल्ल्याच्या झाकणाची कड पात्यासारखी धारदार असते. डोकं झटकताना ती थेट दोरावर फिरते. वाम मिळण्याची आशा असेल तर तिच्या दातांपुढे तंगूसही टिकत नाही, वीतभर तारेचा तुकडा लागतो. बाहेर समुद्रात सुरमईचीही तीच गोष्ट.

लीडरसाठी फ्लुरोकार्बन घ्या, असा सल्ला सर्रास मिळतो. जपानच्या कुरेहा कंपनीने १९७१ साली हा दोर आणला. त्याचा अपवर्तनांक १.४२, पाण्याचा १.३३, नायलॉनचा १.५३ च्या आसपास. म्हणजे फ्लुरोकार्बन पाण्याच्या जवळचा, म्हणून कमी दिसतो. तो पाणी पीत नाही, घासणंही बरं सोसतो आणि घनता १.७८ असल्यामुळे पटकन बुडतो. ऑक्टोबरनंतर मालवणात पाणी निवळतं, तिथे त्याचे पैसे वसूल होतात. काल्हेरच्या पाण्यात स्वतःचं पाऊल दिसत नाही, तिथे माशाला दोर दिसेल याची काळजी करणं ही दुकानदाराची सेवा आहे.

तिसरा प्रश्न तुम्ही गळ कसा टाकता याचा. काठीशिवाय, हातात दोर धरून, होडीतून किंवा धक्क्यावरून गळ टाकणारे अजूनही पुष्कळ आहेत. त्यांनी तंगूसच वापरावा, यावर चर्चाच नको. ब्रेडेड ओढला तर बोटात रुततो आणि ओल्या कातडीला कापतो. काठी-रीळ असलं तरी दोर अडकल्यावर ब्रेडेड हाताला गुंडाळून ओढू नये. तो लाकडाच्या दांड्याला चार-पाच वेढे देऊन ओढावा. आमिष तळाला टाकून वाट बघणाऱ्यालाही तंगूस पुरतो. त्याचा ताण इथे कामाला येतो : शिंगाळा आमिष गिळतो, लवचीक दोर त्याला लगेच ‘कोणीतरी ओढतंय’ हे कळू देत नाही.

कृत्रिम आमिष फेकून फेकून खेळवणाऱ्याची गोष्ट वेगळी. त्याला दर फेकीला लांब पोचायचं असतं, आमिषाची प्रत्येक हालचाल बोटात जाणवायला हवी असते, आणि जिताड्याचं तोंड कठीण असल्यामुळे गळ रुतवायला झटका थेट पोचायला हवा. तिथे ब्रेडेड. साठ मीटरवर तो तुटायच्या बेतालाही दोन-अडीच मीटरच लांबतो. पण जो ताण दोराने दिला नाही, तो कुठून तरी यायला हवा. काठी थोडी नरम घ्यावी आणि रिळाचा ड्रॅग, म्हणजे ओढ वाढली की दोर सोडणारी पकड, दोराच्या ताकदीच्या चौथाईवर ठेवावा, नाहीतर गळ माशाच्या तोंडातून फाटून निघतो. कालवांच्या खाडीत मी आठ पदरीपेक्षा चार पदरी घेईन. आठ पदरी गोल, गुळगुळीत, लांब जातो. पण चार पदरीचे पदर जाड असतात आणि घासणं जास्त वेळ सोसतात. तो काठीच्या कड्यांतून जाताना खर्रखर्र वाजतो, हे खरं. मासे तक्रार करत नाहीत.

गाठींचं एक स्वतंत्र शास्त्र आहे, पण त्याच्या खोलात शिरत नाही. ब्रेडेडचं पॉलिथीन अत्यंत निसरडं असतं, म्हणून तंगुसाला मारायची साधी पिळाची गाठ त्यात सरकून सुटते. पॅलोमर गाठ चालते. लीडर जोडायला डबल युनी किंवा एफजी. एफजी शिकायला वेळ लागतो, पण ती कड्यांतून अडकल्याशिवाय जाते. कुठलीही गाठ आवळण्याआधी थुंकीने ओली करावी. नायलॉनचा वितळबिंदू दोनशे अंशांच्या वर असतो, या पॉलिथीनचा दीडशेच्या आतच. कोरडी गाठ झटक्यात आवळली तर घर्षणाच्या उष्णतेने तंतू दुखावतात आणि ते डोळ्यांना दिसत नाही.

निसरडेपणाचा दुसरा घोटाळा रिळावर होतो. नुसता ब्रेडेड भरला तर सगळा गुंडाळा रिळावर गर्रकन फिरतो. ड्रॅग बिघडला असं समजून लोक रीळ दुरुस्तीला देतात. तळाला दहा-पंधरा मीटर तंगूस आधी गुंडाळावा आणि त्याला ब्रेडेड जोडावा, किंवा चिकटपट्टीचा एक वेढा द्यावा. यात पैशांचाही फायदा आहे. रिळावर ०.४० चा दोनशे मीटर तंगूस मावत असेल, तर अर्ध्या जाडीचा ब्रेडेड तिथे जवळजवळ चौपट मावतो, आणि आठशे मीटर दोर खाडीत कोणाला लागतो? तळाला जुना तंगूस, वर दीडशे मीटर ब्रेडेड, एवढं पुरे. ब्रेडेड भरताना ओल्या फडक्यातून ताणून भरावा. सैल भरला तर वरचे वेढे खालच्यात रुततात आणि पुढच्या फेकीला आमिष तुटून पलीकडच्या काठाला जातं.

खारं पाणी पॉलिथीनला काही करत नाही, पण वेणीच्या फटींत ते भरून राहतं आणि रिळात जातं. वाळल्यावर मिठाचे कण फटींत बसतात आणि कडी, बेअरिंग, दोर, तिघांना घासतात. घरी आल्यावर गोड्या पाण्याने हलक्या धारेखाली रीळ धुवावं, सावलीत वाळवावं. काठीची कडी जुन्या पद्धतीची मऊ धातूची असतील, तर त्यांत ब्रेडेडने खाचा पडतात. कापसाचा बोळा कड्यातून फिरवून तंतू अडकतात का ते बघावं.

तंगूस दर पावसाळ्यानंतर बदलावा. तो स्वस्त असतो आणि त्याचं वय दिसत नाही. ब्रेडेड चार-पाच हंगाम सहज टिकतो. पुढचा भाग झिजला, तंतू फुलून लोकरीसारखे दिसू लागले, की पूर्ण दोर दुसऱ्या रिळावर उतरवून उलटा भरावा. आतला कोरा भाग वर येतो आणि एका दोरात दोन आयुष्यं निघतात.

उतरवलेल्या दोराचं काय करायचं, याचा विचार मात्र आजही काठावर बसणाऱ्या बहुतेकांच्या डोक्यात नसतो. संक्रांतीच्या पतंगांना नायलॉनचा मांजा लावण्यावर राष्ट्रीय हरित लवादाने २०१७मध्ये देशभर बंदी घातली, ती पक्षी आणि माणसं कापली जातात म्हणून. तिवरात सोडून दिलेला गळाचा तंगूस त्याच मालाचा असतो, आणि ब्रेडेड त्याहून चिवट, त्याला ऊनही लवकर मोडत नाही. पलीकडच्या ठाणे खाडीतल्या रोहित पक्ष्यांच्या अभयारण्याला २०२२मध्ये रामसर दर्जा मिळाला; बगळे, खंड्या आणि पाणकावळे तर आपल्याच खाडीच्या काठाला बसलेले असतात. गुंता झालेला दोर खिशात घालून घरी आणावा आणि कात्रीने त्याचे बोटभर तुकडे करावेत. भिवंडीत चिंधीलाही गिऱ्हाईक आहे, या तुकड्यांना नाही. ते पिशवीत बांधून सुक्या कचऱ्यात द्यावेत.